पळसबोडीचा मॅनेजर आणि भाजीतलं मीठ

गुणवंतरावांनी त्या संध्याकाळी बैठकीत फक्त दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं. ते दोनावरच थांबले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं आणि त्यांच्या बायकोच्या, साधनाबाईंच्या हातच्या भाजीची चवही गेली नसती. पण गुणवंतराव बोलायला उभे राहिले की शब्द मोजत नाहीत. (मोजण्याचं काम ते दिवसभर करतात. वडशाच्या एका राइस मिलमध्ये ते दिवाणजी आहेत आणि धानाची पोती मोजून मोजून त्यांचा जीव विटलेला असतो.)

विषय फुटबॉलचा होता. झाडीपट्टीत, धानाच्या बांध्यांमध्ये फुटबॉल कुठून आला असं कोणी विचारेल. वडशाच्या रेल्वेत पूर्वी एक गार्डसाहेब होते, त्यांची सासुरवाडी पळसबोडीची. एका दिवाळीला ते मिठाईऐवजी बॉल घेऊन आले. सासरा रुसला, पण गावाला नाद लागला. गार्डसाहेबांची बदली झाली, नाद राहिला. निळ्या बनियनांचा एक क्लब झाला, तलावाच्या पाळीखाली मैदान झालं आणि मैदानाच्या कडेला मोहाचं झाड होतंच. त्या मोहाच्या एका जाड मुळीवर गुणवंतरावांची कायमची बैठक. तिथे त्यांच्याशेजारी सहसा कोणी बसत नाही, कारण सामना सुरू झाला की गुणवंतराव ओरडतात आणि शेजाऱ्याची मांडी बॉल समजून तिच्यावर पाय मारतात.

तर हा क्लब हरत होता. एखाददुसरा सामना नव्हे, पाऊस उघडल्यापासून सलग हरत होता. शेजारच्या चिचटोल्याने तर असं हरवलं की त्यांच्या गोलकीपरने मध्येच खांबाला टेकून बिडी ओढून घेतली. गुणवंतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. (म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.)

दोष कोणाचा, हे त्यांना फोनमध्ये कळलं. गुणवंतराव मोबाइलवर तिकडच्या इंग्लंडातले सामने पाहतात. तिथला त्यांचा एक लाडका क्लब आहे, तोही पळसबोडीसारखाच हरतो. पण हरला की तिकडचे लोक रडत बसत नाहीत, मॅनेजर बदलतात. खेळाडू तेच, मैदान तेच, गवत तेच, फक्त मॅनेजर नवा. गुणवंतरावांना ही पद्धत फार पटली. मिलमध्ये हमालांना, बसस्टँडवर चहावाल्याला, घरी साधनाबाईंना ते सांगत सुटले की जगात जे जे बिघडतं ते वरचा माणूस बदलला की सुधरतं. साधनाबाई हो म्हणायच्या आणि हातातलं काम करत राहायच्या.

अडचण एवढीच होती की पळसबोडीचा मॅनेजर धनराज होता, आणि धनराज हा साधनाबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. विजेच्या खात्यात लाईनमन. नेमणूक पळसबोडीची, राहणं भाड्याच्या खोलीत आणि दोन्ही वेळचं जेवण बहिणीकडे. लग्न व्हायचं होतं. स्वभाव असा मऊ की तार जोडायला खांबावर चढला तरी आधी वर बसलेल्या कावळ्याला उठ म्हणायला संकोचणारा. त्याने कोणत्याच पोराला कधी बाहेर बसवलं नाही. इसरू नावाचा एक चांगला भरभक्कम गडी होता, त्याला पळता येत नव्हतं, पण त्याला गोल मारायची हौस म्हणून धनराजने त्याला सगळ्यात पुढे ठेवलं होतं. समोरच्या संघाने सुंदर गोल केला तर धनराज टाळ्या वाजवायचा. मध्यंतरात लिंबू-पाणी आधी त्यांना द्यायचा, कारण ते पाहुणे. गुणवंतरावांचा आपल्या साळ्यावर जीव होता, पण मोहाच्या मुळीवर बसलं की माणूस कोणाचा भाऊजी राहत नाही.

बैठक झाली ती मंडईच्या नाटकासाठी बांधलेल्या मंचावर. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात, दिवसा फुटबॉलचा सामना आणि रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक. त्याच दिवशी मंच उभा राहिला होता आणि माईकवाला झिंगू तारा ओढून चहाला गेला होता. क्लबचे अध्यक्ष देवाजीभाऊ मंचावर पाय सोडून बसले, कमिटी भोवती बसली. धनराजला बोलावलंच नव्हतं. (मॅनेजरबद्दलची बैठक मॅनेजरला न कळवता घ्यायची, हेही गुणवंतरावांनी फोनमध्येच पाहिलं होतं.) मिलमधून परस्पर आलेले गुणवंतराव माईकच्या दांड्याला धरून उभे राहिले, कारण उभं राहायला दुसरा आधार नव्हता.

"धनराज माह्या साळा हाये," ते म्हणाले. "मानूस लाखात एक. पण क्लब नात्यागोत्यानं चालत नाई. घरी भाजी खारट झाली, तं आपुन वांग्याले दोष देतो का? रांधणारीलेच म्हणतो नं, बाई, जरा हात आवर. माह्या घरी तं हे आठवड्यातून दोनदा म्हणा लागते. तसंच हे. पोट्टे वांगे हायेत. रांधणारा बदला."

त्या दिवशी आवाज त्यांचा त्यांनाच भारदस्त वाटला. एकेक शब्द लांबून कुठून तरी घुमून परत येत होता. मुद्दा वजनदार असला की असं होत असावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. टाळ्या पडल्या. धनराजला मोकळं करायचं ठरलं. मग नवा मॅनेजर कोण, असं देवाजीभाऊंनी विचारलं आणि सगळी कमिटी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. शेवटी देवाजीभाऊ म्हणाले की ज्याला रोग कळला त्यालाच औषध माहीत असणार. गुणवंतराव नको नको म्हणाले, चहाला म्हणतो तितकंच, आणि मॅनेजर होऊन घरी निघाले.

वाटेत त्यांची छाती थोडी फुगलेली होती. घराच्या फाटकाशी ती उतरली. आत धनराज असणार, आणि त्याला सांगावं लागणार.

धनराज स्वयंपाकघरातच पाटावर बसला होता. समोर अर्धं जेवलेलं ताट होतं. साधनाबाई चुलीकडे तोंड करून होत्या. गुणवंतरावांनी चप्पल काढतानाच सांगून टाकलं की कमिटीने असं असं ठरवलं, आपण फार अडवून पाहिलं, पण लोक ऐकेनात, आणि वर मलाच गळ घातली.

धनराजने मान हलवली. "कोण बोललं भाऊजी, माह्याविरुद्ध?"

"लोकं बोलले," गुणवंतराव म्हणाले. "आता कोणाकोणाचं नाव घेऊ."

साधनाबाईंच्या हातातलं झाकण खाली पडलं, की आपटलं, ते त्यांना नीट कळलं नाही. धनराज उठला, भाऊजींच्या पाया पडला आणि म्हणाला की तुम्ही मॅनेजर झाले हे एका अर्थी बरंच झालं, क्लब घरातच राहिला. गुणवंतराव मनात म्हणाले, एवढा भला माणूस, आणि आपण त्याला वांग्याच्या भाजीत घातलं.

ताट वाढल्यावर साधनाबाईंनी दुसरी गोष्ट काढली. चिमूरचे श्रीहरीभाऊ मंडईला येणार होते, बायको मनकर्णाबाई आणि मुलगी दिव्यानी यांना घेऊन. धनराजसाठी ते स्थळ चालून आलं होतं. मुलगी नर्स, घर चांगलं आणि बाप फुटबॉलचा वेडा. मुलगा क्लबचा मॅनेजर आहे हे ऐकूनच त्यांनी यायचं कबूल केलं होतं. हे सगळं साधनाबाईंनी पूर्वी सांगितलं होतं. गुणवंतराव तेव्हा फोनवर सामना पाहत होते आणि प्रत्येक वाक्याला हो, हो म्हणाले होते.

"आता काय सांगाचं त्यायले?" साधनाबाईंनी विचारलं. "पोरगा काल मॅनेजर होता, आज घरच्याच मानसानं काढला?"

"कमिटीनं," गुणवंतराव म्हणाले आणि घास तोंडात घातला. भाजीत मीठ नव्हतं. त्यांनी तसं सुचवून पाहिलं. साधनाबाई म्हणाल्या, मीठ संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडशाहून मिठाची पुडी आणली. भाजी तशीच. तिसऱ्या दिवशी पुन्हा आणली. मग रोजच आणू लागले. फळीवर पुड्यांची रांग लागली, पण ताटातली भाजी, वरण, पिठलं सगळं अळणी. भावाच्या दुःखात बाई विसरत असेल, असं म्हणून गुणवंतराव मुकाट जेवत. त्यांना मिठापेक्षा मोठी काळजी होती. मंडईच्या आत धनराज पुन्हा मॅनेजर व्हायला हवा होता. त्याचं लग्न आपल्या दोन शब्दांपायी मोडलं तर साधनाबाई तोंड पाहणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

विचार करकरून त्यांना उपाय सापडला, आणि तोही त्यांच्याच तत्त्वात होता. हरलं की मॅनेजर बदलतात. मंडईच्या आधी बाहेरगावी दोन सामने होते. दोन्ही सपशेल हरायचे. मग कमिटी आपल्याला काढेल आणि धनराजला हात जोडून परत आणेल. आयुष्यभर ज्या क्लबच्या विजयासाठी घसा फोडला तोच आता पाडायचा, या विचाराने गुणवंतरावांना भरून आलं, पण साळ्यासाठी माणूस काय करत नाही.

हरायचं कसं, हे मात्र त्यांना येत नव्हतं. (जिंकायचं कसं हेही येत नव्हतं, पण ते कोणाला माहीत नव्हतं.) तिथे धनराजच मदतीला आला. संध्याकाळी जेवणं झाली की तो परातीत लाखोळी डाळीचे दाणे मांडायचा. प्रत्येक दाणा एक पोरगा, इसरूच्या जागी एक सुपारी. आणि भाऊजींना समजावून सांगायचा.

"सारे पोट्टे मागं ठेवा," तो म्हणाला. "पुढं जाऊच देऊ नका. अन् इसरूले तेवढा पुढं राहू द्या."

गुणवंतरावांचे डोळे पाणावले. ज्याला काढलं तोच एवढ्या मायेने शिकवतो आहे. धनराजला खेळ कळतो, तो सांगतो ते बरोबरच असणार, तेव्हा हरायचं असेल तर बरोबर त्याच्या उलट करायला हवं. एवढा साधा हिशोब होता.

त्यांनी उलट केलं. सगळी पोरं पुढे धाडली आणि इसरूला मागे गोलमध्ये उभं केलं. पोरं इतक्या दिवसांनी सुटली ती थेट समोरच्यांच्या अंगावर गेली आणि मध्यंतराआधीच दोन गोल करून बसली. इकडे इसरू गोलमध्ये हात पसरून उभा राहिला तर बॉलला आत जायला फटच उरली नाही. बॉल यायचा, इसरूच्या पोटावर आपटायचा आणि परत जायचा. पळसबोडी जिंकली. लोकांनी गुणवंतरावांना खांद्यावर घेतलं. त्यांचा चेहरा तेव्हा असा पडला होता की सगळ्यांना वाटलं, माणसाला आनंद सोसत नाही.

घरी धनराज वाट पाहत होता.

"जिंकले?" त्याने विचारलं, आणि बराच वेळ परातीकडे पाहत राहिला. "मी सांगतलं तसंच खेळले?"

"अगदी तसंच," गुणवंतराव म्हणाले.

धनराजने डोकं खाजवलं. साधनाबाईंनी भावाकडे पाहिलं, भावाने बहिणीकडे. भाजी त्या दिवशी इतकी अळणी होती की नुसतं कोमट पाणी खाल्ल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या सामन्याआधी धनराजने आणखी मन लावून शिकवलं. बॉल हवेतून लांब लांब मारा, जमिनीवर ठेवूच नका. गुणवंतरावांनी पोरांना बजावलं की बॉल जमिनीवरून उचलला तर लिंबू-पाणी मिळणार नाही. आता पळसबोडीची पोरं अंगाने लहानखुरी. हवेतला बॉल त्यांना कधी मिळत नसे. जमिनीवर मात्र ती समोरच्या धिप्पाड गड्यांच्या पायांमधून अशी निघाली की त्यांना शोधता शोधता समोरचे एकमेकांवर आदळले. पुन्हा विजय. गावात मॅनेजरचा बोर्ड लागला, त्यावर गुणवंतरावांचा लग्नातला फोटो. (दुसरा चांगला फोटो नव्हता. साधनाबाईंना त्यातून कापलं होतं, पण त्यांचा हात खांद्यावर राहून गेला होता.)

गुणवंतराव देवाजीभाऊंकडे गेले. म्हणाले, माझी तब्येत बरी नसते, धनराजला परत घ्या. देवाजीभाऊ अंगणात धान वाळवत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"जिंकणाऱ्या मॅनेजरले कोणी बदलते का गा? तुमीच तं शिकवलं आमाले."

आणि मंडई उजाडली. दिव्यानीची मंडळी चिमूरहून सकाळच्या गाडीने निघाली, दुपारी सरळ मैदानावरच येणार होती. समोर चिचटोला. आता एकच वाट राहिली होती. गुणवंतरावांनी सकाळी पोट धरलं आणि खाटेवर आडवे झाले. मॅनेजर आजारी म्हटल्यावर संघ कोणाकडे जाणार? धनराजकडेच. पाहुण्यांना मैदानावर धनराज दिसेल, पुढचं पुढे.

धनराज भाऊजींच्या कपाळाला हात लावून ताप पाहून गेला, म्हणाला, भाऊजी, काळजी करू नका, पडून राहा.  साधनाबाईंनी भुईनिंबाचा पेलाभर काढा करून आणला. भुईनिंब इतका कडू असतो की नुसत्या वासाने खोटं दुखणं पळून जातं. गुणवंतरावांनी तो डोळे मिटून प्यायला. साधनाबाईंनी खाट उचलून स्वयंपाकघराशेजारी आणवली, म्हणजे रांधता रांधता लक्ष राहील. चुलीवर मोठ्या पातेल्यात, गंजात, पाहुण्यांसाठी वांगे-आलूची भाजी शिजत होती.

दुपारी सामना सुरू झाला, आणि तो गुणवंतरावांना ऐकू आला. नुसता गलका नव्हे, झिंगूचा एकेक शब्द, अगदी कानाशी. बॉल चिचटोल्याकडे, बॉल इसरूकडे, इसरू पडला, इसरू उठला. मध्येच झिंगू शिंकला तेही ऐकू आलं. मग देवाजीभाऊंचा हलका आवाज आला.

"गुणवंतरावाचं पोट खरंच दुखते का गा?"

"कायचं दुखते," झिंगू म्हणाला.

गुणवंतराव उठून बसले. "हे कुठून आयकू येऊन राह्यलं?"

साधनाबाईंनी हातातल्या डावाने मागचं दार ढकललं. दाराबाहेरच्या कडुनिंबावर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, एक भोंगा घराकडे तोंड करून बांधला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण स्वयंपाकघराच्या मागे काय असतं हे गुणवंतरावांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि नाटकाची जाहिरात दिवसा व्हायची, तेव्हा ते वडशाला मिलमध्ये असायचे.

"हा कधी बांधला?" त्यांनी विचारलं.

"तुमची बैठक होती नं, त्याच दिवशी," साधनाबाई म्हणाल्या. "गावाच्या चारी टोकाले लावले. झिंगू माईक सुरूच ठेवून चहाले गेला. धनराज इथीच जेवत होता. मी भाजी वाढून राह्यली होती. वांग्याचीच."

गुणवंतरावांनी भोंग्याकडे पाहिलं. रांधणारीलेच म्हणतो नं, बाई, जरा हात आवर. आठवड्यातून दोनदा. तो भारदस्त आवाज, ते घुमून परत येणं, सगळं त्यांना एकदम आठवलं. सारा गाव इतके दिवस त्यांना नमस्कार करताना ओठ दाबून का धरत होता, तेही कळलं.

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाह्यली. तुमी मिठाच्या पुड्या आणल्या." साधनाबाईंनी डावाने फळीवरची रांग दाखवली. "धनराजले लय लागलं होतं. पाटावरून उठून अंगणात जाऊन उभा राह्यला. काढलं म्हणून नाई, तुमी बोलले म्हणून. मंग त्यानं ठरवलं, भाऊजीले दोन सामने हरवतोच. जानून उलटं शिकवलं तुमाले. तरी तुमी जिंकूनच येत होते."

गुणवंतरावांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, की मीही हरायलाच निघालो होतो, धनराजला परत आणायला, म्हणून त्याने सांगितलं त्याच्या उलट करत गेलो. साधनाबाई डाव हातात धरून ऐकत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. त्या हसता हसता पाटावर बसल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या की उलट्याचं उलटं केलं, म्हणून सुलटं झालं. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. गुणवंतरावांना ते हसू ऐकून फार बरं वाटलं.

भोंग्यात आरडाओरडा झाला. पळसबोडीचा एक गोल झाला होता. दोघेही दाराशी येऊन भोंग्याकडे पाहत उभे राहिले. सामना संपत आला होता, आणि झिंगू एकाएकी गोंधळला. धनराज एकेक चांगला गडी बाहेर काढत होता आणि आजवर बसून राहिलेली पोरं आत घालत होता. गुणवंतराव कळवळून भोंग्याला सांगू लागले की असं करू नको. भोंग्याने ऐकलं नाही. चिचटोल्याने एक गोल केला, मग दुसरा, आणि शिट्टी वाजली. हरले.

मग देवाजीभाऊंनी चिमूरच्या पाहुण्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. गुणवंतरावांनी खाटेची कड घट्ट धरली. साधनाबाईंनी चुलीतली लाकडं मागे ओढली, म्हणजे आवाज नीट यावा.

"मी लय सामने पाह्यले," श्रीहरीभाऊंचा जाडसर आवाज आला. "जिंकत असताना लहान पोट्टे आत घालणारा मॅनेजर पाह्यला नवता. मी विचारलं, काऊन असं केलं? तं म्हणते, मंडई हाये, साऱ्यायच्या घरी पाव्हणे आले. पाव्हण्यासमोर कोणाचं लेकरू बसून राह्यलं तं त्याच्या मायले कसं वाटन. मी दिव्यानीले विचारलं. ते हो म्हणते. मले अजून काई पाहाचं नाई."

साधनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. गुणवंतरावांना मंचावरचं आपलं भाषण आठवलं. आपण जो दोष म्हणून सगळ्या गावाला ऐकवला, त्याच गुणावर पोरीच्या बापाने पोरगी दिली होती.

लगेच देवाजीभाऊंनी माईक घेतला. म्हणाले, आज क्लब हरला. हरलं की मॅनेजर बदलतात, हे आपलं धोरण आहे. कागदोपत्री मॅनेजर गुणवंतराव आहेत, ते घरी झोपून आहेत, सबब त्यांना मोकळं करण्यात येत आहे आणि धनराजला पुन्हा नेमण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. त्या गुणवंतरावांच्या भाषणाला पडल्या होत्या त्यापेक्षा पुष्कळच जास्त होत्या.

"झालं तुमच्या मनासारखं," साधनाबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला डाव गुणवंतरावांच्या हातात दिला आणि लुगड्याचा पदर खोचला. "आता इथचंही करा. भाजी बिघडली तं रांधणारी बदला लागते. मी पाव्हण्यायले ओवाळून आणते. गंज खाली लागू देऊ नका."

त्या आरतीचं ताट घेऊन गेल्या. गुणवंतराव गंजासमोर उभे राहिले. आयुष्यात प्रथमच ते या मैदानात उतरले होते, आणि त्यांना साधनाबाईंचं मन राखायचं होतं. भाजी रटरटत होती, रंग छान आला होता, फक्त एक गोष्ट राहिली असणार, हे इतक्या दिवसांच्या अनुभवाने त्यांना माहीत होतं. फळीवर पुड्यांची रांग तयारच होती. त्यांनी एक फोडली. गंज मोठं होतं म्हणून दुसरीही फोडली. चाखून पाहणार होते, पण भुईनिंबाने जीभ अशी बधिर झाली होती की कशाचीच चव कळेना. त्यांनी मनाने अंदाज केला आणि तिसरी अर्धी टाकली.

साधनाबाईंनी आज पाहुणे येणार म्हणून सकाळीच बेताचं मीठ घातलं होतं, हे त्यांना पंगत बसल्यावर कळलं.

अंगणात पंगत बसली. श्रीहरीभाऊ, मनकर्णाबाई, दिव्यानी, देवाजीभाऊ, कमिटी, इसरू, माईक गुंडाळून आलेला झिंगू. पहिला घास झाला. श्रीहरीभाऊंनी तांब्या उचलला तो खाली ठेवलाच नाही. दिव्यानीने, नर्सच ती, हळूच सांगितलं की बीपीची गोळी सुरू असणाऱ्यांनी ही भाजी राहू द्यावी. गुणवंतराव डाव हातात घेऊन खांबाला टेकून उभे होते. साधनाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"कोणं रांधली?" श्रीहरीभाऊंनी विचारलं.

"भाऊजीनं," धनराज म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, ते मायेने की मिठाने, सांगता येत नाही. "पह्यल्यांदाच उतरले मैदानात. चांगलं खेळले." आणि त्याने पानात आणखी भाजी वाढून घेतली. सगळ्या पंगतीत दुसऱ्यांदा घेणारा तो एकटाच.

गुणवंतरावांना वाटलं, या माणसाला आपण पुन्हा कधीच बदलणार नाही. घरात नाही, क्लबमध्ये नाही, कुठेच नाही. त्यांनी पुढे होऊन धनराजच्या पाठीवर हात ठेवला, आणि आता आपणही दोन शब्द बोलावे म्हणून घसा खाकरला.

तेवढ्यात मागच्या कडुनिंबावरचा भोंगा खरखरला. झिंगू केव्हा उठून मंचाकडे गेला ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आज रात्रीच्या नाटकाची वेळ त्याने सांगितली, खुर्चीचे, जमिनीचे दर सांगितले, आणि मग गावाच्या चारी टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"गुणवंतरावाच्या घरून जेवून आलेल्या समद्या मंडळीसाठी मंचाच्या बाजूले थंड्या पाण्याची सोय केली हाये. कृपया रांगेत या, धक्काबुक्की करू नका."